पहिली वेगवान गाडी निवडताना

माझ्या भाच्याला वाहन चालवण्याचा परवाना मिळून अजून वर्ष झालेले नाही आणि त्याने आपल्या पहिल्या गाडीसाठी तीनशेहून अधिक अश्वशक्तीची एक हॅचबॅक मनाशी पक्की केली आहे. "मावशी, गाड्यांतलं घरात तुलाच कळतं, आता तूच आईला समजाव," अशी गळ त्याने मला घातली. त्याच्या आईला काही समजावण्याआधी त्यालाच काही गोष्टी नीट सांगाव्यात असे मी ठरवले, आणि त्या लिहून काढल्या तर त्याच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडतील असे वाटल्याने हा लेख लिहीत आहे. वेगवान गाड्यांवर माझे मनापासून प्रेम आहे. उत्तम जुळवलेले इंजिन आरपीएम (दर मिनिटाचे फेरे) चढत जाताना कसे मोकळे होत जाते आणि त्या क्षणी चालवणाऱ्याला काय वाटते, हे मला ठाऊक आहे. तो आनंद तरुण वयात हवासा वाटावा यात मला काहीही गैर दिसत नाही.

या प्रश्नावर मोठी माणसे सहसा दोनपैकी एक उत्तर देतात. एक म्हणजे "मुळीच नको", आणि दुसरे म्हणजे "घे, पण जपून चालव". पहिल्या उत्तराला कारणाची जोड नसते, त्यामुळे ते ऐकणाऱ्याला पटत नाही. दुसरे उत्तर मला अधिक धोक्याचे वाटते, कारण जपून चालवणे ही केवळ इच्छेची बाब आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. जपायचे असेल तर कोठे जपायचे हे आधी दिसावे लागते, आणि नेमकी तीच नजर नव्या चालकाकडे अजून आलेली नसते. ती नजर चुका करून, त्या वेळीच लक्षात येऊन, सुधारून तयार होते. म्हणून पहिली गाडी अशी असावी की जिच्या मर्यादा कमी वेगातच जाणवतील आणि जिच्यात चूक झाल्यावर ती सावरायला वेळ व जागा उरेल. फार शक्तिशाली गाडीत ही जागाच शिल्लक राहत नाही. तिच्याविषयीचा माझा मुख्य आक्षेप हा आहे.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. फेरारीने १९८४ मध्ये टेस्टारोसा ही गाडी आणली तेव्हा तिच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती ३९० अश्वशक्ती होती, आणि तेवढी शक्ती हाताळणारा माणूस कोणीतरी विशेष असणार असे सगळेच धरून चालत. २०१९ मध्ये आलेल्या मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस या हॅचबॅकचे इंजिन अवघे चार सिलिंडरचे आणि दोन लिटरचे आहे, तरी त्याची शक्ती ४२१ अश्वशक्ती आहे आणि ती गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.९ सेकंदांत गाठते. तिला मागे दोन दारे आहेत, सामान ठेवायला डिकी आहे, गिअर आपोआप बदलतात आणि ती वाहनांच्या गर्दीतही निमूटपणे चालते. जुन्या सुपरकारचा जड क्लच, बाहेरचे नीट न दाखवणाऱ्या खिडक्या आणि केबिनमध्ये घुमणारा आवाज या सगळ्या गोष्टी चालकाला सतत सांगत असत की हे यंत्र सोपे नाही. आजची गाडी असे काहीच सांगत नाही. पहिल्या दिवशी ती इतकी सहज वाटते की आपल्याला ती चालवता येते असा समज त्या दिवशीच पक्का होतो.

३.९ सेकंद या आकड्याकडे मुले कौतुकाने पाहतात. मी त्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहायला सांगेन. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना अशा गाडीचा वेग दर सेकंदाला सरासरी ताशी २५ किलोमीटरने वाढतो. जी साधी छोटी गाडी शंभरचा वेग गाठायला १४ सेकंद घेते, तिचा वेग त्याच एका सेकंदात ताशी सात किलोमीटरने वाढतो. आता नव्या चालकाचा निर्णय एक सेकंद उशिरा झाला असे समजा, आणि असा उशीर नवखेपणात हमखास होतो. साध्या गाडीत त्या उशिराची किंमत ताशी सात किलोमीटर आहे, शक्तिशाली गाडीत ती पंचवीस आहे. माणूस तोच, उशीर तेवढाच, आणि परिणाम मात्र साडेतीनपट. गाडी निवडताना आपण चालकाच्या चुकांना किती पटींनी गुणायचे हेसुद्धा निवडत असतो.

वेग वाढला की धोका त्याच प्रमाणात वाढतो असे बहुतेकांना वाटते, आणि इथे गणित फसवते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. एक उदाहरण मी भाच्याला कागदावर मांडून दाखवले. एक गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात आहे आणि दुसरी तिच्या शेजारून ताशी १२० ने. समोर अचानक अडथळा दिसतो. दोन्ही चालकांना तो ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागतो, आणि कोरड्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखेच चांगले, म्हणजे दर सेकंदाला ८ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करणारे आहेत. पहिली गाडी सुमारे ९० मीटरमध्ये थांबते. दुसरी गाडी नुसत्या दीड सेकंदातच ५० मीटर पुढे गेलेली असते, उरलेले ४० मीटर ती पूर्ण ब्रेक लावून जाते आणि पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली त्याच ठिकाणी तिचा वेग अजून ताशी सुमारे ७८ किलोमीटर असतो. फरक फक्त विसाचा होता आणि आघात अठ्ठ्याहत्तरचा झाला. हे पाहिल्यावर तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, कारण "थोडासाच तर जास्त होता" या वाक्याचा खरा अर्थ त्याला पहिल्यांदा आकड्यांत दिसला होता. शक्तिशाली गाडीत हे वरचे वीस किलोमीटर चालकाच्या नकळत चढतात. केबिन शांत असते, सस्पेन्शन रस्ता पोटात घेते आणि इंजिनाला काहीच कष्ट होत नसल्याने त्याचा सूरही बदलत नाही.

सरळ रस्त्यापेक्षा वळणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गाडी आणि रस्ता यांचा संबंध येतो तो चार टायरच्या, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या भागातून. वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या चार तुकड्यांच्या पकडीतूनच भागवावी लागतात, आणि पकडीचा मोठा वाटा एका कामाला गेला की दुसऱ्यासाठी कमीच उरतो. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ६० किलोमीटरने घेताना टायरवर बाजूने येणारा ताण गाडीच्या वजनाच्या साधारण ५७ टक्के असतो, जो कोरड्या रस्त्यावर चांगले टायर सहज सोसतात. तेच वळण ७५ ने घेतले तर हा ताण ८९ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे साध्या टायरच्या बाबतीत कोरड्या रस्त्यावरही जवळजवळ मर्यादेपर्यंत, आणि ओल्या रस्त्यावर मर्यादेच्या पलीकडे. साठावरून पंचाहत्तरवर जायला शक्तिशाली गाडीला एक सेकंदही पुरतो.

आणि वळणाच्या मध्यावर आपण जास्त वेगात आहोत हे लक्षात आल्यावर नवखा चालक काय करतो? तो घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढतो किंवा ब्रेक दाबतो. ही प्रतिक्रिया इतकी नैसर्गिक आहे की तिला दोष देता येत नाही, परंतु त्या क्षणी गाडीचे वजन पुढच्या चाकांकडे सरकते, मागच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि मागची बाजू वळणाबाहेर सरकू लागते. १९७५ मध्ये आलेली पोर्शे ९११ टर्बो याच कारणाने कुप्रसिद्ध झाली. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे होते, शक्ती २६० अश्वशक्ती होती, आणि तिच्या टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून शक्ती वाढवणाऱ्या यंत्राला, जाग यायला वेळ लागत असे. चालक वळणात हलकेच ॲक्सिलरेटर दाबी, काही घडत नसे म्हणून आणखी दाबी, आणि मग सगळी शक्ती एकदम येई. दचकून त्याने पाय काढला की मागचे जड इंजिन गाडीला गरकन फिरवून टाकी. त्या गाडीला 'विडोमेकर', म्हणजे विधवा करणारी, हे नाव पडले ते उगीच नव्हे. आज २६० अश्वशक्ती हा आकडा काही मुलांना सामान्य वाटतो, याचे श्रेय अभियंत्यांना आहे. वजन सरकण्याचा नियम मात्र तेव्हा होता तोच आजही आहे.

चारही चाकांना शक्ती पोहोचवणारी गाडी घेतली की हा प्रश्न सुटतो, अशी समजूत फार पसरलेली आहे. अशी गाडी निसरड्या रस्त्यावर वेग घेताना सहसा घसरत नाही हे खरे आहे. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, आणि वळणातली एकूण पकड टायर ठरवतात; त्यामुळे थांबताना व वळताना या व्यवस्थेचा फारसा लाभ होत नाही. उलट वेग सहज चढल्यामुळे रस्ता ओला आहे हे चालकाला कळते ते ब्रेक लावल्यावर. पुढच्या चाकांना शक्ती देणारी गाडी मर्यादेजवळ गेली की सहसा पुढून बाहेर सरकू लागते, स्टिअरिंग हलके लागते आणि पाय हळूहळू काढला की ती परत रेषेवर येते. शिकणाऱ्यासाठी हे वागणे सर्वांत क्षमाशील आहे.

इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणांविषयी मी आदरानेच लिहीन, कारण त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाडीत आणली. घसरणारी गाडी एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून सावरणारी ईएससी यंत्रणा १९९५ मध्ये आली. १९९७ मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक आडवे आलेले हरीण चुकवण्याच्या सरावात, उलटली. त्यानंतर कंपनीने त्या सगळ्या गाड्यांत ही यंत्रणा बसवली आणि तिचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या मोटारगाडीत ती सक्तीची आहे. परंतु ही यंत्रणा नवी पकड निर्माण करू शकत नाही. असलेली पकड ती नीट वाटून देते, एवढेच. पकड मुळातच संपलेली असेल तर तिच्याकडे करण्यासारखे काही उरत नाही. शिवाय नव्या चालकाच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. ही यंत्रणा त्याच्या लहानसहान चुका इतक्या शांतपणे पोटात घालते की आपण चुकलो हे त्याला कळतही नाही. डॅशबोर्डवर क्षणभर एक पिवळा दिवा लुकलुकतो आणि विझतो. तो दिवा लागला की "आपण आत्ता काय केले?" असा प्रश्न स्वतःला विचारायची सवय मी भाच्याला मुद्दाम लावते आहे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांबाबत थोडक्यात सांगते. त्यांचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, पाय ठेवताच मिळतो, गिअर बदलावे लागत नाहीत, इंजिनाचा आवाज नसतो, आणि बॅटरीमुळे त्या जड असतात. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडची शक्ती हजार अश्वशक्तीहून अधिक आहे, आणि ती एक कुटुंबासाठी वापरता येणारी चार दारांची सेडान आहे. नवखेपणी वेग कानांनी ओळखण्याची जी मदत होते ती इथे मिळत नाही. घरात अशी गाडी असेल तर मुलाने ती सर्वांत सौम्य मोडवर चालवावी हे बरे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब. नव्या चालकाला स्टिअरिंग फिरवता येत नाही म्हणून अपघात होतात असे नाही. तरुणांचे प्रतिक्षेप तर मोठ्यांपेक्षा चपळ असतात. कमी पडते ती रस्ता वाचण्याची कला: उभ्या बसच्या पुढून कोणीतरी पळत येईल, बाजूच्या गल्लीतल्या गाडीचे पुढचे चाक वळलेले आहे म्हणजे ती निघणार, पुढच्या चालकाचा वेग डळमळतो आहे म्हणजे त्याचे लक्ष नाही, अशा गोष्टी घडण्याच्या आधी दिसणे. ही कला फक्त रस्त्यावर घालवलेल्या तासांतून येते, आणि म्हणूनच परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे ठरतात. त्यातच, धोका आणि मोह तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत राहतो. शेजारी आणि मागे समवयस्क मित्र बसले की किशोरवयीन चालकाच्या प्राणघातक अपघाताचा धोका वाढतो, हे अनेक देशांत आढळले आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली, त्यात रात्री एकट्याने चालवण्यावर आणि प्रवासी नेण्यावर सुरुवातीला निर्बंध ठेवले ते याच कारणाने. भाचा अतिशय समजूतदार मुलगा आहे आणि तो एकटा असताना जपूनच चालवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मित्रांनी भरलेल्या गाडीत "दाखव की जरा" असे कोणी म्हणाल्यावरचे ते तीन सेकंद मला काळजीत टाकतात.

मग घसरलेली गाडी सावरण्याचे खास प्रशिक्षण घेतले तर? हा पर्याय ऐकायला फार छान वाटतो. नॉर्वेमध्ये नव्या चालकांसाठी निसरड्या रस्त्यावरचे प्रशिक्षण सक्तीचे केले गेले होते, आणि १९८० च्या दशकात त्याचे मूल्यमापन झाले तेव्हा तरुण पुरुष चालकांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसून आले. कौशल्य थोडे वाढले आणि आत्मविश्वास त्याहून जास्त वाढला, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून प्रशिक्षण जरूर घ्यावे, पण ते आपली आणि गाडीची मर्यादा किती लवकर येते हे अनुभवण्यासाठी घ्यावे. ते शक्तिशाली गाडीचा परवाना नव्हे.

"जास्त शक्ती असेल तर ओव्हरटेक सुरक्षित होते" हा युक्तिवाद मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. समोरून येणाऱ्या मार्गिकेत जितका कमी वेळ राहू तितके चांगले. परंतु हा लाभ मिळतो तो आधी जेवढी मोकळी जागा बघून ओव्हरटेक केले असते तेवढीच जागा पुढेही बघणाऱ्याला. अनुभव नसलेला चालक शक्ती हाती आली की लहान जागा पुरेशी मानू लागतो, आणि वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो. फार कमजोर गाडीही मी सुचवत नाही, हे इथेच सांगते. महामार्गावर वाहनांच्या ओघात सामावून जाण्याइतके बळ गाडीत हवेच.

तर मग किती शक्ती पुरे? नुसती अश्वशक्ती पाहून याचे उत्तर मिळत नाही, ती वजनाच्या तुलनेत पाहावी लागते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने नव्या चालकांसाठी ही रेषा टनामागे १३० किलोवॉटवर आखली आहे (एक किलोवॉट म्हणजे सुमारे १.३६ अश्वशक्ती). त्याहून अधिक गुणोत्तराची गाडी त्यांना सुरुवातीच्या वर्षांत चालवता येत नाही. इटलीतही नव्या परवानाधारकांवर याच धर्तीचे, त्याहून कडक बंधन आहे. मोटारसायकलींच्या बाबतीत तर युरोपीय संघाने मधल्या टप्प्याच्या परवान्यासाठी ३५ किलोवॉट ही कमाल मर्यादाच ठरवली आहे, आणि दुचाकीस्वार ती टप्प्याटप्प्याची चढण स्वाभाविक मानतात. चारचाकीच्या बाबतीत आपण तसे मानत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. वर उल्लेखलेल्या ए ४५ एसचे गुणोत्तर टनामागे जवळपास १९० किलोवॉट येते. आणि ज्या गाडीने वेगवान हॅचबॅक हा प्रकार जगभर लोकप्रिय केला, त्या पहिल्या फोक्सवागन गोल्फ जीटीआयची शक्ती होती ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो, म्हणजे गुणोत्तर टनामागे साधारण १०० किलोवॉट. एका संपूर्ण पिढीला चालवण्याचा आनंद ज्या गाडीने शिकवला, ती आजच्या व्हिक्टोरियातला नवा चालकही या नियमानुसार चालवू शकला असता. आनंदाला १३० ची रेषा आड येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

याच विचाराचे आणखी एक उदाहरण मला फार आवडते. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून बनवलेली ८६ आणि बीआरझेड ही जोडगोळी २०१२ मध्ये आली तेव्हा तिची शक्ती सुमारे २०० अश्वशक्ती होती आणि तिला मुद्दाम फार रुंद नसलेले, साधे टायर बसवलेले होते. हेतू हा की गाडीची मर्यादा कमी वेगातच यावी आणि चालकाला ती जाणवावी. १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ तर जेमतेम ११५ अश्वशक्तीची आणि टनाहून कमी वजनाची होती, आणि आजही जगातले जाणकार चालक तिच्याविषयी प्रेमाने बोलतात. हलकी गाडी लवकर थांबते, चपळपणे वळते आणि टायर काय सांगत आहेत ते स्टिअरिंगमधून हातापर्यंत पोहोचवते. तरीही पहिल्या पिढीची जुनी एमएक्स-५ मी भाच्याला सुचवणार नाही, कारण तिच्यात ईएससी नाही, आणि धडकेच्या वेळी हलक्या गाडीला जड गाडीपुढे नेहमीच जास्त सोसावे लागते. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था नव्या तरुण चालकांसाठी जास्त अश्वशक्ती टाळा, फार लहान गाडी टाळा आणि ईएससी असल्याची खात्री करा असे सांगते. माझे मन हलक्या गाडीकडे झुकत असले तरी पहिल्या दोन वर्षांसाठी मी त्या सल्ल्याच्या बाजूने आहे: मध्यम आकाराची, पुढच्या चाकांना शक्ती देणारी, ईएससी व पुरेशा एअरबॅग असलेली, सव्वाशे ते दीडशे अश्वशक्तीची, शक्य तर हाताने गिअर बदलायची हॅचबॅक. गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे तारे पाहताना चाचणीचे वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक झाले आहेत आणि पूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके कठीण नव्हते.

खर्चाचा विषय सुरक्षेपासून वेगळा नाही, म्हणून तो इथेच घेते. वेगवान गाडी विकत घेणे ही तिच्या खर्चाची केवळ सुरुवात असते. तरुण चालक आणि मोठी शक्ती हे दोन्ही एकत्र आले की विम्याचा हप्ता फार चढतो. रुंद, मऊ रबराचे टायर महाग असतात आणि लवकर झिजतात. मोठ्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड यांचेही तसेच. तरुण माणूस सगळी बचत गाडीवर घालवतो आणि मग पहिली काटकसर टायरवर करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेले, तिची शक्ती सहाशेहून अधिक अश्वशक्ती होती, तिच्यात ईएससी नव्हती, चालवणारा त्यांचा मित्र शर्यतींचा अनुभव असलेला होता, आणि तपासात आढळले की गाडीचा वेग ताशी १३० ते १५० किलोमीटर होता व टायर सुमारे नऊ वर्षे जुने होते. टायरची नक्षी शिल्लक दिसत असली तरी रबर वयाने कडक होते आणि त्याची पकड जाते. प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. जुनी गाडी पाहायला गेल्यावर रंग आणि आवाज यांच्याआधी हे आकडे वाचावेत. चारही टायर एकाच प्रकारचे आहेत का, ब्रेकचे तेल कधी बदलले, इंजिनाच्या संगणकात शक्ती वाढवणारा फेरफार केलेला आहे का, हे प्रश्न स्पष्टपणे विचारावेत, आणि उत्तर देताना विकणारा टाळाटाळ करू लागला तर ती गाडी सोडून द्यावी.

काहींच्या घरात अशी गाडी आधीच उभी असेल आणि तीच चालवण्यावाचून पर्याय नसेल. त्यांनी स्पोर्ट मोड विसरून जावा आणि ईएससी बंद करण्याच्या बटणाला सार्वजनिक रस्त्यावर कधीही हात लावू नये. काही उत्पादक कमाल वेग मर्यादित करणारी दुसरी किल्ली किंवा तशी सोय देतात, ती घरच्यांनी मुलाशी बोलून, त्याच्या संमतीने वापरावी. चोरून लावलेले बंधन मुलांना लगेच कळते आणि विश्वास तुटतो. पहिल्या काही महिन्यांत रात्री, पावसात आणि मित्रांसह प्रवास टाळावा, किंवा शेजारी अनुभवी माणूस असावा. गाडीचा पूर्ण वेग पाहण्याची इच्छा असेल तर बंद ट्रॅकवर, प्रशिक्षकासह, हेल्मेट घालून जावे. तिथे वळणाबाहेर मोकळी जागा असते आणि समोरून कोणी येत नसते. रस्त्यावर या दोन्ही गोष्टी नसतात, आणि तिथे चुकीची किंमत ज्यांनी ती गाडी निवडलेली नसते अशा माणसांनाही मोजावी लागते.

"मग शक्तिशाली गाडी कधी?" असे भाच्याने विचारलेच. वर्षे मोजून मी उत्तर दिले नाही. सगळ्या ऋतूंत, रात्रीच्या आणि घाटातल्या रस्त्यांवर पहिली साधी गाडी चालवून झालेली असावी; ओल्या रस्त्यावर टायरची पकड सुटू लागल्याचे पिवळा दिवा लागण्याआधी हातांना कळू लागलेले असावे; आणि शेजारी बसलेल्या माणसाला ब्रेकचा धक्का न जाणवता लांबचा प्रवास करता यावा. यातली शेवटची कसोटी सर्वांत कठीण आहे, कारण ती पार करायला पुढचे दोनशे मीटर सतत वाचत राहावे लागते. ही कसोटी त्याच्या आईनेच घ्यायची असे आम्ही ठरवले आहे, आणि तोपर्यंत दोघे मिळून सव्वाशे अश्वशक्तीच्या एका वापरलेल्या हॅचबॅकचे कागद तपासत आहेत.